बेहेरेकाका आणि ठकीचा पंप

बेहेरेकाका म्हणाले, "खोल."

आणि मी खोललं.

नळीत उरलेलं पेट्रोल माझ्या उजव्या बाहीतून आत शिरलं आणि थेट बगलेत जाऊन पोचलं. काका पिकअपच्या हौद्यात गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, खोल! म्हणून खोललं!"

"पंप खोल आहे, असं म्हणालो मी! विहीर असते तसा खोल! हात सावकाश आत घाल, हे सांगत होतो. आणि आधी फडकं धरायचं होतं!"

मी पुण्यात जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, 'मी झाड झालो तर' या निबंधाला मला बक्षीसही मिळालं होतं. पण अकरा वर्षं दिल्लीत राहून माझा एक कान कधी हिंदी झाला, ते मलाच कळलं नाही. एका मराठी माणसानं शुद्ध मराठीत उच्चारलेलं साधं विशेषण मी हिंदी आज्ञार्थ म्हणून ऐकलं, आणि लगेच आज्ञा पाळलीसुद्धा. बायकोनं मला पुढचे दोन दिवस गॅसच्या शेगडीजवळ फिरकू दिलं नाही. तिची त्यात काही गैरसोय झाली नाही. मी एरवीही तिकडे फिरकत नाही.

काका मात्र नुकसानीच्या हिशेबात पक्के. त्यांनी दोन बोटं वर केली. "'खोल' चुकीचं ऐकलंस, त्याचं एक चाक. आणि वर 'खोललं' म्हणालास, त्याचं दुसरं."

हा चाकांचा कायदा आधी सांगायला हवा.

करोल बागेत आमची तिमजली इमारत होती. तळमजल्यावर बेहेरेकाका एकटे, आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको वर्षा आणि मुलगी ईरा. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, अविवाहित. एका सरकारी छापखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं मराठीची मुद्रितं तपासली. दिल्लीत बसून मराठी शुद्ध करायची म्हणजे वाळवंटात बसून होडीला रंग देण्यापैकी काम. पण काकांनी एकाही होडीवर डाग राहू दिला नाही. त्यांच्या समोर कुणी मराठी बोलताना हिंदी शब्द घुसवला, की शिक्षा ठरलेली: एक हिंदी शब्द, एक चाक. म्हणजे त्यांच्या पिकअपचं एक चाक बादली-फडकं घेऊन धुवायचं. ईरा दिल्लीतच वाढली. ती सकाळी 'चलो, निघते' म्हणाली की संध्याकाळी एक चाक, 'यार आई' म्हणाली की दुसरं. त्यामुळे साऱ्या करोल बागेत एवढ्या स्वच्छ चाकांची मालगाडी दुसरी नव्हती.

"पण काका, 'बिलकुल' मराठी आहे की," मी एकदा वाद घातला.

"'बिलकुल नाही' मराठी आहे. 'हां, बिलकुल' हिंदी आहे. मागचं डावं चाक."

इंग्रजीला मात्र त्यांची ना नव्हती. "ती परकी आहे रे, पाहुणी. येते, कोपऱ्यात बसते. हिंदी सख्खी बहीण. न विचारता कपाट उघडते आणि आपली साडी नेसून जाते, आणि आपल्याला वाटतं ती तिचीच आहे."

आता गंमत अशी की, या माणसाच्या नावाचीच दिल्लीनं अशुद्ध प्रत काढली होती. बेहेरे हे आडनाव शेजाऱ्यांच्या कानाला 'बहरे', म्हणजे बहिरे, असं ऐकू येई. काकांचे कान तर इतके तिखट, की वरच्या मजल्यावर मी मनात केलेली व्याकरणाची चूकसुद्धा त्यांना ऐकू जायची. पण पोस्टमन खाली उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "बहरे अंकल! चिट्ठी!" भाजीवाला हातवारे करून भाव सांगायचा. काकाही त्याला दाद द्यायचे. "भैया, चिल्लाओ मत, मेरा जीव मेटाकुटी को आता है." भाजीवाला मेटाकुटी ही भाजी आपल्याकडे नाही, असं हातवाऱ्यांनी सांगायचा.

निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. काकांनी पिकअप घेतली. कारण एकच. तिशीच्या आत असताना ते पहिल्यांदा दिल्लीला आले, तेव्हा ट्रंकेवर बसून स्टेशनाबाहेर चार तास होते आणि कुणी विचारलं नाही. म्हणून बदली होऊन येणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाचं सामान स्टेशनावरून घरी न्यायचं आणि परत जाणाऱ्यांचं घरून स्टेशनावर, असा नेम त्यांनी चालू केला. आम्हालाही त्यांनीच आणलं. सहा वर्षांची ईरा हौद्यात गाद्यांवर बसून आली होती.

गाडीचं नाव ठकी. त्यावरूनही दिल्लीनं एक खोडी काढलीच. शेजारी ते 'थकी' असं ऐकत. गाडी जरा अडखळली की कुणीतरी खिडकीतून म्हणायचंच, "नाम ही थकी है अंकल, चलेगी कैसे!"

ठकीची देखभाल काका मुद्रितं तपासावीत तशी करत. खिशात कायम पांढरा खडू. दार करकरलं, की दारावर खूण. आरसा सैल झाला, की काचेवर खूण. जो भाग काढून टाकायचा त्यावर एक शेपटीवालं वेटोळं, म्हणजे 'हे गाळा'. हौद्याच्या तळाला त्यांनी एक झाकण करून घेतलं होतं. त्यातून खालच्या पेट्रोलच्या टाकीत हात घालता यायचा. त्या झाकणाचं नाव 'तळटीप'.

आणखी एक खूण फार महत्त्वाची. एकदा वर्षानं किराण्याची यादी केली आणि घरात गूळ सापडला म्हणून यादीतला 'गूळ' खोडला. काका यादी घेऊन दुकानात निघाले होते. परत आले तर गूळ आणलेला. "खोडला होता ना काका?" त्यांनी यादी दाखवली. खोडलेल्या गुळाखाली टिंबांची एक ओळ. "खोडलेलं चुकून खोडलं असेल, तर खाली टिंबं द्यायची. म्हणजे 'राहू द्या'. परवा होळी आहे, घरातला गूळ पुरणाला पुरणार नाही." आणि मग त्यांचं आवडतं वाक्य, जे ते दिवसातून एकदा तरी म्हणत: "चूक राहिली तर चालेल एक वेळ. चुकीची दुरुस्ती राहता कामा नये."

तर, ईराची बारावीची परीक्षा संपली, आणि आम्ही गुरुग्रामला राहायला जायचं ठरवलं. माझं ऑफिस तिकडेच. तेविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे सामान आणायलाही परवानगी लागते. आम्हाला मिळाली रविवारी दुपारी तीन ते सहा. मोठी लिफ्ट तेवढ्याच वेळात. वेळ हुकली की पुन्हा अर्ज. जायचं ते ठकीतूनच, हे कुणी बोललंसुद्धा नाही. ते गृहीतच होतं.

गुरुवारी संध्याकाळी काका वर आले, चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"ठकी बसली."

"काय झालं?"

"पंप. पेट्रोलचा. टाकीतला. मी तपासलं. मुंबईहून मागवावा लागेल. पंधरा दिवस लागतील. धुकं असलं तर महिना."

मार्च संपत आला होता. बाहेर उन्हात लोक कूलर धूत होते. पण काकांच्या तोंडावर कोण बोलणार?

मी मात्र उत्साही माणूस. शनिवारी सकाळी पिशवी घेतली आणि दोन गल्ल्या पलीकडच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदाराला ठकीचा फोटो दाखवला. त्यानं मागे वळूनही न बघता हात मागे घातला आणि पंप काढून समोर ठेवला. चाळीस मिनिटांत मी परत. काका ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे पेपरातल्या चुका पेन्सिलीनं दाखवत होते.

"काका, मिळाला!"

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मुलाचा निकाल लागला आणि मुलगा दुसऱ्याचा निघाला.

"मिळाला? हाच?"

"हाच!"

"मुंबईचा आहे?"

"छे, दोन गल्ल्या पलीकडचा."

त्यांनी खोकं उलटंसुलटं केलं. "यावर तीन चुका आहेत. असल्या खोक्यातला पंप ठकीला लावायचा?"

"मेकॅनिकला बोलावू का?"

"मुळीच नाही!" काका एकदम ताठ झाले. "परका हात लागता कामा नये. आपणच बसवू. तू करशील. मी सांगतो तसं."

मी सुखावलो. माझ्या हातांवर एवढा विश्वास आजवर कुणी दाखवला नव्हता. माझ्या हातून घरात एकच वस्तू दुरुस्त झाली आहे, ती म्हणजे पडद्याची कडी, आणि ती पडदा न लावता नुसती शोभेला आहे.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही अंगणात ठकीच्या हौद्यात चढलो. मी फोनवर एक व्हिडिओ लावला. बोलणारा हिंदी, म्हणून काकांच्या हुकमावरून मी तोंडी भाषांतर करत होतो.

"सर्वांत आधी पंपाचा फ्यूज काढा. स्टिअरिंगच्या खाली असतो. नखाएवढा, दोन पायांचा..."

"ते झालंय. पुढे."

किती तयारीचा माणूस, मला वाटलं.

"बॅटरीची तार सोडवा." सोडवली. "तळटीप उघडा," हे माझं. आणि मग तो खोलाचा प्रसंग झाला, जो तुम्हाला माहीत आहे. मी शर्ट बदलून आलो. पंपाच्या डोक्यावर प्लास्टिकची एक मोठी चकरी घट्ट बसलेली असते. ती लोखंडानं ठोकायची नाही, ठिणगी उडायची भीती. लाकूड हवं. मी वर ओरडलो, "वर्षा, लाटणं दे!"

वर्षा लाटणं आणि लिंबाचं सरबत घेऊन खाली आली. "हे लाटणं आता पोळ्यांना परत येणार नाही, हे लक्षात ठेवा," ती मला म्हणाली. मग काकांना पेला देताना तिनं त्यांच्या खिशाकडे पाहिलं. सदऱ्याच्या खिशात खडूच्या शेजारी काहीतरी निळं डोकावत होतं.

"काका, गोळी घ्यायची राहिली की तुमची!"

काकांनी खिशावर असा हात मारला, की सरबत सांडलं. "हो, हो. जेवणानंतरची आहे."

लाटण्यानं चकरी फिरली. मी जुना पंप बाहेर ओढला. काळं नळकांडं आणि त्याला एक लांब लोंबती काडी. काकांनी तो कोरडा पुसला, बराच वेळ हातात धरला, मग खडू काढून त्यावर मोठं शेपटीवालं वेटोळं काढलं. हे गाळा. अगदी सावकाश काढलं. नवा पंप बसायला तास गेला, कारण मी तो आधी उलटा बसवला, मग सुलटा पण काडीविना, मग काडीसकट पण रबराची चकती हौद्यात विसरून. प्रत्येक वेळी काका न चिडता म्हणायचे, "असू दे. घाई नाही." एरवी हा माणूस अनुस्वार चुकला तरी पाणी पीत नाही.

बारा वाजता सगळं बंद केलं. काकांनी किल्ली फिरवली. ठकी खोकली, घरघरली, आणि गप्प बसली. दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, नवव्यांदा. समोरच्या बाल्कनीतून आवाज आला, "थक गई, अंकल?"

"नाही म्हणते ती," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं तेज होतं. "पुढचा रविवार कुठे पळून जातोय? आज पुरी-भाजी करू."

मी हौद्यात बसलो होतो. अंगाला पेट्रोलचा वास, घरात एकतीस खोकी दोरीनं बांधलेली, आणि तीन वाजताची लिफ्ट. मी फोन काढला.

"कुणाला?" काका म्हणाले.

"सामान नेणारी गाडी बोलावतो. तासाभरात येते म्हणे."

काका किल्लीवर हात ठेवून तसेच बसले. इतका वेळ, की मला वाटलं त्यांना खरंच ऐकू गेलं नाही.

"परक्या गाडीतून जाणार तुम्ही?"

"आता काय करणार, काका?"

"स्टेशनावरून कुणी आणलं होतं तुम्हाला?"

"तुम्ही."

"मग!" ते खाली उतरले. पुन्हा चढले. चष्मा काढला, पुसला, घातला. "थांब. फोन ठेव. मी जरा गोळी घेतो."

ते स्टिअरिंगखाली वाकले. एक पाय बाहेर, डोकं आत.

"पाणी देऊ का?" वर्षानं विचारलं.

"नको," आतून आवाज आला. "चघळायची आहे."

ते सरळ झाले, किल्ली फिरवली, आणि ठकी पहिल्या झटक्यात सुरू झाली! मी हौद्यात नाचलो. लाटणं हवेत फेकलं, ते झेलता आलं नाही. त्या गोळीनं काकांचा हात स्थिर झाला आणि म्हणून किल्ली नीट फिरली, असं माझं शास्त्रीय मत मी तिथल्या तिथे जाहीर केलं. काका फक्त म्हणाले, "सामान चढव."

वर्षा आणि ईरा कुंड्या घेऊन मेट्रोनं पुढे गेल्या. मी काकांच्या शेजारी बसलो. गुरुग्रामच्या रस्त्यावर सगळं जग आमच्या दोन्ही अंगांनी पुढे जात होतं. काका ताशी तीसच्या वर जायला तयार नव्हते.

"किती लांब आहे रे हे?"

"तीस किलोमीटर, काका. परदेश नाही."

"हं," ते म्हणाले, आणि पंचवीसवर आले.

पावणेपाचला सामान वर पोचलं. काका बाल्कनीत गेले, कठडा धरून खाली पाहिलं. ठकी काड्यापेटीएवढी दिसत होती.

"खोल आहे," ते म्हणाले.

या वेळी मी बरोबर ऐकलं.

चहा घेतला नाही त्यांनी. उजेड असताना परतायचं म्हणाले. खाली गेल्यावर सीटखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. "जुना पंप आहे. तुझ्या पुस्तकांना टेकू होईल." लिफ्टच्या शेजारची सूचना वाचली, खडूनं तिच्यातली एक वेलांटी दुरुस्त केली, आणि गेले. सुरक्षारक्षकानं मला विचारलं, हे कोण. मी म्हटलं, बेहेरे. तो म्हणाला, "अच्छा, तभी कुछ सुना नहीं, मैं मना कर रहा था."

बुधवारी वर्षा पुस्तकं लावत होती. तिनं पुडकं उघडलं.

"अहो, इकडे या."

पंपावर ते शेपटीवालं वेटोळं होतं. हे गाळा. आणि त्याच्या खाली, जराशी पुसट झालेली, पण सरळ रेषेत दिलेली टिंबांची ओळ.

"चुकून दिली असतील," मी म्हटलं. "पंप तर खराब होता."

"काका चुकून टिंबं देतात?"

मी पंप हातात घेऊन उभा राहिलो. माझी विचारशक्ती ठकीसारखीच आहे, नवव्या झटक्याला लागते. सर्वांत आधी पंपाचा फ्यूज काढा. ते झालंय, पुढे. कधी झालं होतं? पंप काढून पाहायच्या आधीच त्यांना पंप गेल्याचं कळलं कसं? एका परक्या हातालाही ते ठकीजवळ का येऊ देत नव्हते, आणि माझ्या हातांवर एवढा विश्वास कसला?

"वर्षा," मी म्हटलं, "ती गोळी..."

"निळी होती," वर्षा म्हणाली. "आणि तिला दोन पाय होते हो. मला तेव्हाच वाटलं, गोळीला पाय कसे? मग म्हटलं, हल्ली येत असतील तशा."

मला हसू आवरेना. मी सोफ्यावर बसून हसलो, पंप मांडीवर घेऊन. एक चांगला पंप आम्ही दिवसभर खपून काढला, दुसरा चांगला पंप त्या जागी बसवला, माझ्या अंगावर पेट्रोल, लाटण्याची वाट, आणि दुखणं सगळं त्या माणसाच्या खिशात, खडूच्या शेजारी! आणि मग त्या खडूनंच त्यांनी कबुलीही लिहून दिली, कारण चुकीची दुरुस्ती मागे ठेवून त्यांना झोप आली नसती. हसता हसता मला ती टिंबं नीट दिसेनाशी झाली.

वर्षा हसली नाही. तिनं माझ्या हातातून पंप घेतला, पुस्तकांच्या कडेला उभा केला, खडूची बाजू बाहेर येईल असा वळवला. जरा मागे होऊन पाहिलं. मग म्हणाली,

"रविवारी करोल बागेत जायचं. आणि तिथे शुद्ध मराठीचा भाव खाऊ नका. चाकं चार आहेत, निदान चार चुका तरी करून यायच्या."